मँचेस्टर युनायटेडमधली पगारकपात: कात्री आधी कॅन्टीनवरच का चालते?

लालपट्टी (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा सामन्याबद्दल नाही. चौथा बचावपटू कोण असावा, मधल्या फळीत कोणाला घ्यावं, यावर दुसरीकडे भरपूर बोलून झालं आहे. मला पगाराबद्दल बोलायचं आहे.

मी नागपूरजवळ बुटीबोरीला एका कारखान्यात पगारपत्रकाचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे खर्च कमी करायचा हुकूम आला, तेव्हा सगळ्यात आधी गेला तो दुसऱ्या पाळीचा नाश्ता. पोहे किंवा उपमा आणि एक चहा. माणशी वीस-बावीस रुपये पडत असतील. तो हिशेब मीच काढून दिला होता, कारण ते माझं काम आहे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माणसं घरचे डबे घेऊन भिंतीच्या सावलीत बसली. कोणी वाद घातला नाही, कोणी साहेबांकडे गेलं नाही. पुढच्या महिन्यापासून मात्र पाळी संपल्यावर पाच मिनिटं जास्त थांबून मशीन पुसून जाणारे लोक घंटा वाजली की निघायला लागले. ते पगारपत्रकात कुठेच दिसलं नाही.

म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे युनायटेडच्या स्टेडियममधल्या कर्मचाऱ्यांचं मोफत दुपारचं जेवण बंद करून त्याजागी फळं ठेवणार अशी बातमी आली, तेव्हा मला ती फुटबॉलची बातमी वाटलीच नाही. ती मला ओळखीची वाटली.

क्रम आठवून बघा. ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, क्लबचा २७.७ टक्के हिस्सा घेऊन. त्याच उन्हाळ्यात सुमारे २५० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. मग जुने प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा क्लबचा राजदूत म्हणून असलेला करार संपवायचं ठरलं. नाताळची मेजवानी रद्द झाली. हंगामाच्या मध्येच उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला, लहान मुलांना आणि निवृत्तांनासुद्धा सवलत नाही. त्याआधी मुलांचं तिकीट २५ पौंडांपासून मिळायचं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी १५० ते २०० नोकऱ्या जाणार असं जाहीर झालं, जेवण बंद झालं ते त्याच वेळी.

आता दुसरी बाजू. जुलै २०२४ मध्ये प्रशिक्षक टेन हाग यांचा करार वाढवला आणि २८ ऑक्टोबरला त्यांना काढलं. क्रीडा संचालक म्हणून डॅन ॲशवर्थ यांना न्यूकॅसल क्लबशी घासाघीस करून, भरपाई देऊन आणलं. १ जुलैला ते रुजू झाले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेर गेलेसुद्धा. टेन हाग, त्यांचे सहकारी आणि ॲशवर्थ यांना घालवण्याचा खर्च क्लबच्याच हिशेबात १ कोटी ४५ लाख पौंड दाखवला आहे. टेन हाग यांच्या जागी रुबेन अमोरिम यांना पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबकडून सोडवून आणायला लागले ते पैसे वेगळेच. हे निर्णय कॅन्टीनमध्ये भात वाढणाऱ्या बाईने घेतले नव्हते.

माझा राग खर्च कमी करण्यावर नाही. घर चालवणारा प्रत्येक जण कधी ना कधी हात आखडता घेतो. मला राग आहे तो कात्री नेहमी त्याच टोकाकडून चालवली जाते याचा. चूक वरच्या मजल्यावर होते आणि ताट तळमजल्यावरचं उचललं जातं.

२२ मेच्या मध्यरात्री साडेबाराला बिल्बाओची युरोपा लीगची फायनल बघायला आम्ही सोळा जण त्रिमूर्तीनगरला मित्राच्या गच्चीवर बसलो होतो. रात्रीसुद्धा गच्ची तापलेली, कूलर गरम वारा फेकत होता. टॉटनहॅमने १-० ने हरवलं. लीगमध्ये पंधरावा नंबर, युरोपही गेलं. त्या रात्री सगळे खेळाडूंना शिव्या देत होते. मला मात्र दुसरंच सुचत होतं. उद्या सकाळी त्या इमारतीत कामावर जाणाऱ्या माणसाला आधी हे कळेल की आपण हरलो, आणि मग हे की हरल्यामुळे पुन्हा कपात होणार.

तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा.


कामठी_हाफबॅक

भाऊ, मनातलं लिहिलं तुम्ही. आमच्या कामठीत पोट्टे चालायले लागले का त्यायच्या पायात बॉल येते. माह्या बापानं, मोठ्या काकानं, सगळ्यायनं रब्बानीच्या मैदानावर धूळ खाल्ली आहे. आम्हाले क्लब म्हणजे काय ते शिकवा लागत नाही.

मी तं एकच विचारतो. ॲन्टनी या एका खेळाडूसाठी आठ कोटी पौंडांच्या वर मोजले. सँचो दुसऱ्या क्लबात खेळून राहिला होता आणि त्याच्या पगारातला वाटा आपण भरून राहिलो होतो. चेल्सीनं त्याले ठेवून घेण्यापेक्षा पन्नास लाख पौंड दंड भरून वापस पाठवलं. हे पैसे कोणाले दिसत नाही काय? अन् सूप-भाकरीवाल्या माणसाचे दिसते?


हिशेबनीस

लालपट्टी, भावना समजतात. पण मी सनदी लेखापाल आहे आणि दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. मीसुद्धा १९९९ मध्ये आपण चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा, जिंकली त्या रात्रीपासून युनायटेडचाच आहे.

जून २०२४ ला संपलेल्या वर्षात क्लबला ११ कोटी ३२ लाख पौंड तोटा झाला. पाच वर्षांचा मिळून ३७ कोटींच्या वर. प्रीमियर लीगचा तेव्हाचा नियम असा की तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटींपर्यंतच तोटा चालायचा. स्टेडियम, अकादमी, महिला संघ यांवरचा काही खर्च त्यातून वगळता यायचा, तरी मर्यादा ती मर्यादाच. ती ओलांडली की गुण कापले जायचे. एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे २०२३-२४ मध्ये कापले गेलेच ना? रॅटक्लिफ यांनी मार्च २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं की काही केलं नसतं तर वर्षअखेरीला क्लबची रोकड संपली असती.

कर्मचारी अकराशेच्या आसपास होते. ही संख्या हळूहळू फुगली, आणि मैदानावर संघ मात्र घसरत गेला. कपातीनंतरच्या वर्षात, म्हणजे २०२४-२५ मध्ये, तोटा ३ कोटी ३० लाखांवर आला. पगारावरचा एकूण खर्च ३६ कोटी ४७ लाखांवरून ३१ कोटी ३२ लाखांवर आला. औषध कडू आहे, पण ताप उतरतो आहे हे आकड्यांत दिसतं. क्लब बुडाला तर सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील.


लालपट्टी (धागाकर्ता)

हिशेबनीस, तुमचे आकडे बरोबर आहेत आणि तुम्ही ते मांडलेत हे चांगलं झालं. पण त्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टी सुटल्या.

पहिली. पगारखर्च पाच कोटींनी उतरला त्यात नोकरकपातीचा वाटा आहे, पण सगळा नाही. २०२३-२४ मध्ये आपण चॅम्पियन्स लीगमध्ये होतो, पुढच्या वर्षी नव्हतो. आपल्या खेळाडूंच्या करारात चॅम्पियन्स लीग नसली की पगार सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो असं कलम असतं. म्हणजे हा आकडा बऱ्याच अंशी संघ हरला म्हणून उतरला. त्याला व्यवस्थापनाची कर्तबगारी कसं म्हणायचं?

दुसरी, आणि माझ्या दृष्टीने मोठी. तोटा आला कुठून? २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाचा होता आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. ज्या क्लबवर त्याआधी १९३१ पासून कर्ज नव्हतं, तो एका वर्षात कर्जबाजारी झाला. आपल्याकडे उदाहरण द्यायचं तर असं, की कोणी तुमचं घर विकत घ्यायचं, हप्ते तुम्हीच भरायचे, आणि वर भाडंही तुमच्याकडूनच घ्यायचं. वीस वर्षं व्याज जातंय, मधल्या काळात लाभांशही घेतले गेले. २०२४-२५ मध्ये उत्पन्न ६६ कोटी ६५ लाख पौंड होतं, क्लबच्या इतिहासातलं सर्वाधिक. इतकं कमावणाऱ्या घरात स्वयंपाकघराला कुलूप लागत असेल तर दुखणं स्वयंपाकघरात नाही.

व्याजाचा हप्ता कापता येत नाही, खेळाडूचा करार मोडता येत नाही, प्रशिक्षकाला भरपाई द्यावीच लागते. या सगळ्यांकडे कागद आहे, वकील आहे. ज्याच्याकडे यातलं काही नाही, तोच कापता येतो. मी पगारपत्रकावर बसून हेच बघितलं आहे. कोणाचं कापणं योग्य, असा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. कोणाचं कापलं तर सगळ्यात कमी त्रास होईल, हा विचारतात.


विदर्भ_गनर

दुसऱ्या घरचा, आर्सेनलचा चाहता आहे, तरी बोलतो. हे फक्त तुमच्याकडेच होतं असं समजू नका.

ऑगस्ट २०२० मध्ये आर्सेनलने ५५ नोकऱ्या कापायचं ठरवलं. त्याआधी एप्रिलमध्ये आमच्या खेळाडूंनी साडेबारा टक्के पगार कमी करून घ्यायला होकार दिला होता. आपण त्याग केला म्हणजे बाकीच्यांच्या नोकऱ्या राहतील, असं त्यांच्यातल्या अनेकांना वाटलं होतं. मग ऑक्टोबरमध्ये बातमी आली की गनरसॉरसच्या, म्हणजे आमच्या त्या हिरव्या डायनासोरच्या पोशाखात १९९३ पासून उभा राहणारा माणूससुद्धा कपातीत गेला. त्याच आठवड्यात थॉमस पार्टी या खेळाडूसाठी साडेचार कोटी पौंड भरले.

मला पार्टी हवाच होता. त्या दिवशी सकाळी मी खूशही होतो. दुपारी दुसरी बातमी वाचली आणि आपण कशावर खूश होतोय ते कळेना. शेवटी मेसुत ओझिलने जाहीर केलं की मी आर्सेनलमध्ये आहे तोवर त्या माणसाचा पगार मी देतो. ओझिलला तेव्हा संघातून वगळलेलं होतं. मालकाने जे करायला हवं होतं ते बाकावरसुद्धा जागा नसलेल्या खेळाडूला करावंसं वाटलं.

तेव्हा मी ऑफिसात, घरी, सगळ्यांना हे सांगत फिरलो. कोणाला फारसं काही वाटलं नाही. आज हा धागा वाचून बरं वाटलं.


मागची_फळी

मी विद्यापीठाच्या संघात गोलकीपर होते. आता मनीषनगरच्या एका शाळेत खेळ शिकवते. या सगळ्या चर्चेत महिला संघाचं नाव अजून कोणी घेतलं नाही, म्हणून लिहिते.

१२ मे २०२४ रोजी युनायटेडच्या मुलींनी वेम्बलीवर टॉटनहॅमला ४-० ने हरवून एफए कप जिंकला. क्लबच्या महिला संघाचा तो पहिला मोठा चषक. आणि त्याच उन्हाळ्यात कॅरिंग्टनच्या सराव केंद्रात पुरुष संघाच्या इमारतीचं नूतनीकरण निघालं, तेव्हा मुलींची इमारत पुरुषांना दिली आणि मुलींना तात्पुरत्या केबिनमध्ये हलवलं. चषक जिंकून आलेल्या संघाला!

मी हे वाचलं तेव्हा मला आमची कपडे बदलायची खोली आठवली. ती म्हणजे मैदानाच्या कडेचं सामानाचं गोदाम होतं. एकीने दार धरायचं, बाकीच्यांनी आत बदलायचं. मुलांच्या संघाला बरी खोली होती. आम्ही कधी तक्रार केली नाही, कारण तक्रार केली तर संघच बंद करतील अशी भीती होती. कपात म्हणजे फक्त पगार कापणं नव्हे. कोणाला कुठे उभं करायचं, हेही त्यात ठरतं.

आणि एक नाव घेते. कॅथ फिप्स. १९६८ पासून ओल्ड ट्रॅफर्डला स्वागतकक्षात बसायच्या. पंचावन्न वर्षांहून जास्त! चाहत्यांची पत्रं खेळाडूंपर्यंत पोचवायच्या. नवीन आलेली, घर सोडून आलेली पोरं आधी त्यांना ओळखायची. डिसेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या तेव्हा अंत्यविधीला फर्ग्युसन होते, बेकहॅम होता. असा माणूस कोणत्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवणार? आज अठरा-वीस वर्षांची एखादी मुलगी तिथे कामाला लागली तर तिला पंचावन्न वर्षं टिकू देतील का, हा माझा प्रश्न आहे.


कामठी_हाफबॅक

ताई, गोदामाचं वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं शंभर टक्के.


जुना_प्रेक्षक

मी वयाने तुम्हा सगळ्यांहून मोठा असेन. यशवंत स्टेडियमला सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून सामने बघितलेला माणूस आहे. माझं दुःख जरा जवळचं आहे.

इंग्लंडमध्ये निदान क्लब उरतो. आपल्याकडे मालकाला खर्च नकोसा झाला की क्लबच मिटवून टाकतात. महिंद्रा युनायटेड २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला, २०१० मध्ये बंद. फगवाड्याचा जेसीटी, १९९६-९७ चा म्हणजे राष्ट्रीय लीगचा पहिलाच विजेता, २०११ मध्ये बंद. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांचा वरिष्ठ संघ उरला नाही. मग एफसी पुणे सिटी आला, २०१९ मध्ये तोही गेला. एका महाराष्ट्रातच किती निळ्या, लाल, केशरी जर्सी कपाटात पडून राहिल्या असतील. त्या जर्सी घालून आता कोणाचा जयजयकार करायचा?

आणि २०२५ चा पावसाळा आठवा. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचं भिजत घोंगडं, म्हणून जुलैमध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) थांबवली. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. मागोमाग चेन्नईयिनने. ज्या संघात सुनील छेत्री खेळतो त्याची ही गोष्ट. छेत्री निभावून नेईल. पण फिजिओ, किट सांभाळणारा, बसचा ड्रायव्हर, यांच्या घरी महिन्याच्या एक तारखेला काय सांगितलं असेल?

मँचेस्टरबद्दल एक गोष्ट सांगतो, ती नागपूरच्या पोरांना माहीत असावी. आपल्या वऱ्हाडचा कापूस त्या मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा. अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस थांबला, तेव्हा तर त्यांची नजर इकडेच होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, तिकडे मँचेस्टरला रेल्वेच्या डबे-वाघिणी विभागातल्या कामगारांनी न्यूटन हीथ नावाचा संघ काढला. तोच पुढे तुमचा युनायटेड झाला. म्हणजे हा क्लब मुळात कामगारांचा. हिरवा आणि सोनेरी हे त्यांचे रंग, २०१० मध्ये ग्लेझरविरुद्ध लोकांनी ज्या रंगाचे मफलर घातले ते.

त्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू केला होता. तेव्हा तसा कायदा नव्हता, सक्ती नव्हती. मालकाच्या मनात असेल तर काय होऊ शकतं हे या गावाने बघितलं आहे. आज तिथे मॉल उभा आहे. माझे वडील दुसऱ्या एका गिरणीत होते आणि तिथला शेवट फार वाईट झाला. थकलेल्या पैशासाठी ते अकरा वर्षं हेलपाटे घालत होते. घरात त्या गिरणीचा एक पितळी बिल्ला आहे. त्यावर त्यांचा नंबर आहे, नाव नाही. मला हिशेबनीस यांचे आकडे खोटे वाटत नाहीत, पण अशा प्रत्येक आकड्यामागे एक बिल्ला असतो.


हिशेबनीस

काका, नमस्कार. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. कर्मचारी संख्या तपासायला हवीच होती, यावर मी ठाम आहे. पण लालपट्टी यांचा एक मुद्दा मी मान्य करतो. टेन हाग यांचा करार जुलैत वाढवला नसता तर भरपाई खूपच कमी बसली असती. ॲशवर्थ यांना आणण्याचा आणि घालवण्याचा खर्च तर पूर्ण टाळता आला असता. माझ्या एखाद्या ग्राहकाने आधी एवढे पैसे घालवले असते आणि मग मला येऊन म्हटलं असतं की शिपायाचा बोनस कापतो, तर मी त्याला थांबवलं असतं. नाताळचं शंभर पौंडांचं व्हाउचर चाळीस पौंडांवर आणणं, यात वाचतं ते इतकं कमी आणि जातं ते इतकं जास्त की हिशेबाच्या दृष्टीनेही ते समर्थनीय नाही.


डावा_विंगर

सगळं पटतं. पण मला खरंच कळत नाही की आपण नागपुरात बसून करायचं काय? तिकडचे लोक मोर्चे काढतात. मार्च २०२५ मध्ये आर्सेनलच्या सामन्याआधी हजारो लोक काळे कपडे घालून चालत गेले. त्यांच्याकडे सीझन तिकीट आहे, ते रिकामी खुर्ची दाखवू शकतात. २ मे २०२१ ला तर लोक मैदानात घुसले आणि लिव्हरपूलचा सामना पुढे ढकलावा लागला. आपल्याकडे टीव्हीचं वर्गणी पॅक आहे, बस.

आणि तिकडचं तरी काय झालं? ग्लेझर अजून आहेतच.


विदर्भ_गनर

ओरडून काही होत नाही असं नाही भाऊ. एप्रिल २०२० आठवा. लॉकडाउनमध्ये लिव्हरपूलने न खेळणाऱ्या दोनशेएक कर्मचाऱ्यांना सरकारी योजनेवर टाकलं. म्हणजे त्यांच्या पगाराचे ऐंशी टक्के सरकारने द्यायचे. त्यांचेच चाहते आणि माजी खेळाडू तुटून पडले. दोन दिवसांत क्लबने निर्णय फिरवला आणि आम्ही चुकलो म्हणून माफी मागितली. आठवडाभरात टॉटनहॅमनेही तोच निर्णय मागे घेतला. मी आर्सेनलवाला, या दोघांचं कौतुक करायला जीभ वळत नाही, पण जे झालं ते झालं.


लालपट्टी (धागाकर्ता)

डावा विंगर, तुमचा प्रश्न मलाही रात्री झोपू देत नाही. २००५ मध्ये काही लोकांनी युनायटेड सोडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. प्रत्येक सभासदाला एक मत, मालक कोणी नाही. दहा वर्षांनी त्यांनी स्वतःचं मैदानही उभं केलं. मी त्यांच्याइतका धीट नाही. माझं मन त्या लाल जर्सीतून निघत नाही, आणि मी ते लपवत नाही.

पण या वर्षी मी नवी जर्सी घेणार नाही. दर वर्षी घेतो, गेल्या नऊ वर्षांच्या माझ्याकडे आहेत. ते पैसे कुठे जातात हे कळल्यावर घ्यावीशी वाटत नाही.


मोहननगर_नऊ

लालपट्टी दादा, जर्सीच्या पैशावरून आठवलं म्हणून लिहितो. इथे लिहावं की नाही असा दोन दिवस विचार केला.

आमच्या भागातल्या मैदानावर एक काका आहेत. सामन्याच्या दिवशी पहाटे पाचला येऊन पाणी मारतात, दोरी ताणून फक्की टाकतात, जाळ्या बांधतात, सामना झाला की काढून घडी करून ठेवतात. मी अंडर-१२ खेळायचो तेव्हापासून त्यांना बघतो आहे. पेनल्टीचा ठिपका पावलं मोजून टाकतात, आम्ही एकदा टेपने मोजला तर बोटभरसुद्धा फरक नव्हता. त्यांना महिन्याला चार हजार मिळायचे. गेल्या पावसाळ्यापासून स्पर्धा भरवणाऱ्यांनी ते बंद केले. आता सामना असेल त्या दिवशीचे दोनशे. सामना नाही तर काही नाही. जून ते सप्टेंबर सामनेच नसतात.

स्पर्धेला बक्षिसाची रक्कम मात्र या वर्षी वाढली. बॅनरही मोठे लागले. आम्हीच त्या स्पर्धेत खेळलो आणि बक्षीसही घेतलं. माझ्या मनात तेव्हा हा विचार आलाच नाही. हा धागा वाचताना आला.


मागची_फळी

हे वाचून मी मुलींना सांगितलं. काकांना मी ओळखते बहुतेक, डोक्याला पांढरा रुमाल बांधतात तेच ना? आमच्या शाळेच्या स्पर्धेला आले होते. मुलींच्या सामन्यालाही त्यांनी तेवढ्याच नीट रेघा मारल्या होत्या. बाकीचे म्हणायचे, मुलींचाच सामना आहे, कशाला एवढं.


मोहननगर_नऊ

हो ताई, तेच.


लालपट्टी (धागाकर्ता)

बिल्बाओच्या रात्री गच्चीवर आम्ही सोळा जण होतो. त्या सोळांचा गट अजून आहे. माणशी अडीचशे म्हणजे महिन्याला चार हजार. मी आत्ताच गटात टाकलं, अकरा जणांनी होकार दिला आहे. उरलेल्या पाचांची जागा इथल्या कोणाला घ्यायची असेल तर सांगा. हे पैसे दान म्हणून द्यायचे नाहीत, काकांना तसं वाटता कामा नये. पगार म्हणून, दर महिन्याच्या एक तारखेला, पावसाळ्यातले चार महिने धरून. पगारपत्रक मी करतो, मला तेवढंच येतं.

आणि सोबत स्पर्धा भरवणाऱ्यांनाही पत्र लिहू. त्यांची जबाबदारी आपण कायमची उचलली असं व्हायला नको. पुढच्या वर्षीच्या प्रवेश अर्जासोबतच संघांनी विचारायचं की काकांचा महिना सुरू केला का.


कामठी_हाफबॅक

माह्ये अडीचशे धरा. अन् कामठीतूनही दोन पोट्टे देतो, त्यायनं होकार देल्ला आहे.


विदर्भ_गनर

आर्सेनलचे अडीचशे चालतील ना? माझे लिहा.


हिशेबनीस

माझेही लिहा. पत्राचा मसुदा मी करतो. बक्षिसाची वाढलेली रक्कम आणि काकांचे वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार, दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडतो. त्यांना वाचायला सोपं जाईल.


जुना_प्रेक्षक

मी सतरावा. पत्रावर सही मराठीत करीन. आणि पत्रात काकांचं पूर्ण नाव लिहा, नुसतं मैदानसेवक असं लिहू नका.


मोहननगर_नऊ

पूर्ण नाव मला माहीत नाही. इतकी वर्षं काका म्हणूनच हाक मारतो. रविवारी पहाटे पाचला मैदानावर जातो आणि विचारतो. कोणी येणार असाल तर सांगा, जाळ्या बांधायला दोन माणसं लागतात.


डावा_विंगर

मी येतो. पाचला उठणं होईल, आदल्या रात्रीचा सामना दहाच्या आत संपतो.


मागची_फळी

मीही येते, दोन मुलींना घेऊन. फक्कीचं पोतं कोणाकडे आहे? मागच्या वेळी अर्धंच उरलं होतं.